तंबोऱ्याची घोडी : जुनी ओळखावी कशी, जपावी कशी



राजपुऱ्यातील आणि शहराच्या इतर भागांतील आपल्या काही घरांत आजही एखादा जुना तंबोरा आहे. कुठे तो देवघराच्या कोपऱ्यात गवसणीत उभा असतो, कुठे माळ्यावर, तर कुठे दिवाणखान्यात शोभेची वस्तू म्हणून. आजोबांनी किंवा पणजीने तो मिरजेहून आणवला, एवढे घरातल्यांना माहीत असते. तो कधी वाजत होता, कसा वाजत होता, हे सांगणारे आता कमी उरले आहेत. गेल्या काही वर्षांत मंडळाकडे याबद्दल विचारणा होऊ लागली आहे : "तंबोरा आहे, पण आवाज देत नाही. ठेवावा की देऊन टाकावा?"

अशा बहुतेक तंबोऱ्यांचे दुखणे एकाच जागी सापडते, ती जागा म्हणजे घोडी. भोपळ्याच्या तबलीवर उभी असलेली आणि चारही तारांना खांदा देणारी ती छोटी पट्टी. ती कशी ओळखावी, घरच्या घरी कशी जपावी आणि कोणत्या कामाला आपण हात लावू नये, हे या लेखात सांगत आहोत.

आमची एक चूक

दुसऱ्यांना सांगण्याआधी स्वतःची गोष्ट सांगणे बरे. मंडळाकडे एका आजींनी दिलेला मोठा, पुरुषी आवाजाचा तंबोरा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी गणेशोत्सवाच्या तोंडावर त्याच्या जोडाच्या तारा खरखर करू लागल्या. तारांनी घोडीवर चर पाडले आहेत, हे आम्हाला दिसले. मग काय, सुताराकडचा पॉलिशपेपर आणला आणि घोडी वरून छान सपाट, गुळगुळीत करून टाकली. तारा चढवल्या तेव्हा खरखर गेली होती, पण तिच्याबरोबर तंबोऱ्याचा आवाजही गेला होता. तार छेडली की "टक्" व्हायचे आणि स्वर तिथेच विझायचा.

पुढे एका मोठ्या शहरातल्या दुकानात तो दुरुस्तीला दिला. तिथे जुनी घोडी काढून नवी, फायबरची बसवून मिळाली. वाजत होता, पण तो आमचा तंबोरा वाटत नव्हता. जुनी घोडी आम्ही मागून घेतली होती, हे नशीब. ती पेटीच्या खोक्यात कित्येक वर्षे पडून होती. अखेर मिरजेच्या एका जाणत्या कारागिराने ती पाहिली, तिच्यात अजून पुरेसे लाकूड शिल्लक आहे असे सांगितले, आणि नव्याने जवारी काढून तीच पुन्हा उभी केली. जोड आणि खर्ज आता भरून बोलतात. पंचमाची तार मात्र अजूनही थोडी कोरडी आहे, कारण त्या बाजूला आम्ही जास्त घासले होते. ते लाकूड काही परत येणार नाही.

घोडी एवढी महत्त्वाची का?

व्हायोलिनच्या घोडीला वरून अरुंद धार असते आणि तार त्या धारेवर टेकते. तंबोऱ्याची घोडी वेगळी असते. ती वरून रुंद असते. पाहताना सपाट वाटते, पण प्रत्यक्षात तिला अगदी सौम्य उतार दिलेला असतो. तार कंप पावते तेव्हा ती या उताराला सतत पुसट स्पर्श करत राहते. त्यामुळे तारेची बोलणारी लांबी क्षणोक्षणी किंचित बदलते आणि मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे अनेक उपस्वर जागे होतात. तंबोऱ्याचा जो झंकार आपण ऐकतो, खर्जाच्या तारेतून जो गंधार ऐकू येतो, तो इथून येतो. घोडीच्या पृष्ठभागाला अशी घडण देण्याच्या कामाला जवारी काढणे म्हणतात.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीचा शास्त्रीय अभ्यास मांडला होता. तार ज्या बिंदूवर छेडली जाते त्यानुसार काही उपस्वर ऐकू येऊ नयेत, असा नेहमीचा नियम आहे. तंबोरा आणि वीणेच्या रुंद घोडीमुळे तेही उपस्वर ऐकू येतात, असे त्यांनी दाखवले. गवयांना हे कानाने माहीत होतेच.

घोडी आणि तार यांच्यामध्ये सुती किंवा रेशमी दोरा सरकवतात. काही जण त्याला जीवा म्हणतात. हा दोरा तार घोडीला पहिल्यांदा नेमकी कुठे टेकणार, ते ठरवतो. तो केसभर पुढे-मागे झाला तरी आवाज उघडतो किंवा मिटतो. दोरा हलवून आवाजात काहीच फरक पडत नसेल, तर जवारी गेली असे समजावे.

मिरज आणि आपण

मिरजेत सतार आणि तंबोरे घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सांगितली जाते. फरीदसाहेब हे मूळचे हत्यारे घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातले. ते या कामाकडे वळले आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा त्यांना आश्रय मिळाला. त्यांचे वंशज पुढे सतारमेकर म्हणून ओळखले जाऊ लागले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेत स्थायिक झाले. वाद्यांची दुरुस्ती आणि जवारी यांत त्यांना स्वतःला गती होती. गवई आणि कारागीर एकाच गावात असल्याचा फायदा दोघांनाही झाला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकतो. हा कडू भोपळा खाण्याच्या उपयोगाचा नसतो, केवळ वाद्यांसाठी वाढवला आणि वाळवला जातो. दांडी आणि तबली बहुधा तुणीच्या लाकडाची असते.

आपल्या मध्य प्रदेशातही तंबोऱ्याच्या कानाची मोठी परंपरा आहे. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले आणि १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या मैफलीतले जुळलेले तंबोरे हा रसिकांच्या बोलण्याचा विषय असे. आपल्या घरातला तंबोरा या सगळ्याशी नाते सांगतो.

जुनी घोडी ओळखताना

घरच्या तंबोऱ्यावरची घोडी मूळची आहे की नंतर बसवलेली, हे काही खुणांवरून बरेचसे कळते.

१. पायांची जागा. घोडीच्या पायांभोवती तबलीचे पॉलिश पाहा. घोडी मूळची असेल तर पायाच्या कडेला पॉलिशची रेघ नेमकी जुळते. नवी घोडी बसवलेली असेल तर जुन्या पायांचे फिके किंवा गडद ठसे बाजूला डोकावतात.

२. पायांखालची फट. घोडीच्या मागे टॉर्च धरून समोरून पाहा. तबलीला थोडी गोलाई असते. मूळ घोडीचे पाय त्या गोलाईवर घासून बसवलेले असतात, त्यामुळे उजेड आरपार दिसत नाही. उजेड दिसला तर घोडी बदललेली आहे किंवा तबली खाली बसली आहे.

३. साहित्य. आबनूस काळे आणि वजनाला जड असते. शिसम तपकिरी असून त्यात गडद रेषा असतात. काही घोड्यांवर हाडाची, सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची पट्टी चिकटवलेली असते. हाडात बारीक काळसर ठिपके किंवा छिद्रे दिसतात. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. फायबर किंवा प्लास्टिक सगळीकडे एकसारखे असते, त्यात रेषा नसतात किंवा अगदी सरळ छापील असतात. ओळख पटवण्यासाठी तापवलेली सुई टोचण्याचा जुना उपाय कृपया करू नये. तंबोऱ्यावरची पांढरी सजावट पुष्कळदा सेल्युलॉइडची असते आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेते.

४. चर. जुन्या घोडीवर तारांनी पाडलेले चार बारीक चर असतात. ते वरच्या अटीच्या खाचांशी सरळ रेषेत येतात का, ते पाहा. येत नसतील तर घोडी सरकलेली आहे किंवा दुसऱ्या तंबोऱ्याची आहे.

५. नावाची खूण. काही कारागीर दांडीवर नावाची पट्टी किंवा कागदी चिठ्ठी लावत. अशी चिठ्ठी दिसली तर पुसू नका, फोटो काढून ठेवा. घरातली जुनी पावती, पत्र, तंबोरा मांडीवर घेतलेला आजीचा फोटो, यावरूनही काळ ठरवायला मदत होते.

हस्तिदंताबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हस्तिदंत आणि सांबरशिंग यांची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंद आहे. वडिलोपार्जित तंबोऱ्यावर अशी पट्टी असल्यास तो विकण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. "जुने आहे, चालते" असे सांगणाऱ्याच्या भरवशावर राहू नये.

घरच्या घरी काय करावे

तारा एकेक करून बदला. बहुतेक तंबोऱ्यांची घोडी तारांच्या दाबावरच उभी असते. चारही तारा एकदम काढल्या की ती घसरते किंवा पडते, आणि मग तिची जागा सापडत नाही. म्हणून एक तार काढावी, नवी लावावी, मग दुसरीला हात घालावा. त्याआधी घोडीच्या चारही कोपऱ्यांशी कागदी चिकटपट्टीचे छोटे तुकडे हलक्या हाताने लावून खूण करावी आणि काम झाल्यावर लगेच काढावेत. जोडाच्या दोन तारा पोलादी असतात, खर्जाची पितळी. पंचमाची तार तंबोऱ्याच्या पट्टीप्रमाणे पोलादी किंवा पितळी असते. जुन्या तारेचा तुकडा बरोबर नेऊन त्याच जाडीची तार घ्यावी. जाड तार लावली तर घोडीवर आणि तबलीवर नको तेवढा ताण येतो.

दोरा बदला. तंबोरा खरखरतो म्हणून कानस उचलण्याआधी दोरा बदलून पाहा. जुना दोरा चपटा होतो, त्यात धूळ बसते. शिवणाचा साधा सुती दोरा पुरतो. तो तारेखाली घालून मागून पुढे अगदी सावकाश सरकवत जावा आणि दर वेळी तार छेडून ऐकावे. एका जागी आवाज एकदम फुलतो. तिथे थांबावे. अनेकदा एवढ्याने काम भागते.

घोडी पुसा, घासू नका. चरांमध्ये धूळ आणि गंजाची पूड साठते. ती मऊ, कोरड्या ब्रशने काढावी. तेल, पाणी, पॉलिशपेपर यांतले काहीही नको.

सॅनिटायझर दूर ठेवा. तंबोऱ्याचे जुने पॉलिश चपडा लाखेचे असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर लावलेला ओला हात किंवा स्पिरिटचे फडके लागले की पॉलिश चिकट होते आणि डाग पडतो. कोरडे सुती फडके सर्वांत चांगले.

खुंट्या. खुंटी घसरत असेल तर ती बाहेर काढून खडूची पूड लावावी. घट्ट अडकत असेल तर कोरडा साबण हलकासा फिरवावा. तेल लावू नये. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवावी. बारीक सूर मिळवण्यासाठी घोडीखालचे मणी आहेत. ते खाली-वर सरकवले की स्वर किंचित चढतो किंवा उतरतो.

आपले हवामान. बऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि घराघरांत कूलर सुरू होतो. दुपारी कोरडी झळ आणि रात्री कूलरचा दमट वारा, हा फेरबदल भोपळ्याला आणि तबलीला सोसत नाही. तंबोरा कूलरच्या झोतात, पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हाच्या खिडकीशी ठेवू नये. बाहेरच्या भिंतीपेक्षा आतल्या भिंतीशी ठेवावा. पावसाळ्यात गवसणी ओलसर वाटली तर ती काढून वाळवावी आणि मग पुन्हा घालावी. आडवा ठेवताना भोपळ्याखाली कापडाची चुंबळ द्यावी. महिनोन्‌महिने वाजणार नसेल तर तारा एखाद-दोन स्वर उतरवाव्यात, पण घोडी उभी राहील इतका ताण ठेवावा.

ही कामे कारागिराचीच. जवारी काढणे, तबलीची तड, भोपळ्याची चीर, सैल झालेली दांडी. भोपळ्याला चीर दिसली तर बाजारातला कोणताही डिंक किंवा चिकटवणारा पदार्थ आत ओतू नये. कारागिराला आधी तो खरवडावा लागतो आणि त्यात भोपळा आणखी जातो. जवारी काढणारा कारागीर कानशीने दोन हात मारतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो. असे तासन्‌तास चालते. म्हणून "पाच मिनिटांत करून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यावे. घोडी बदलावीच लागली तर जुनी मागून घ्यावी आणि कापडात गुंडाळून तंबोऱ्याबरोबरच ठेवावी. आमचा तंबोरा त्यामुळेच वाचला.

नातवंडांच्या गिटारवरची घोडी

आपल्या घरांतली मुले आता इलेक्ट्रिक गिटारही वाजवतात. आजोबांच्या तंबोऱ्याचे आणि नातवाच्या गिटारचे दुखणे पुष्कळदा एकच असते.

काही गिटारींवर हलणारी घोडी असते. तिला जोडलेला दांडा दाबला की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि स्वर खाली लहरत जातो. दांडा सोडल्यावर तारा पूर्वीच्या स्वरावर परत येत नसत, ही जुनी अडचण होती. फ्लॉइड रोझ या अमेरिकन वादकाने वरच्या अटीशी आणि खाली घोडीशी, अशा दोन्ही टोकांना तारा स्क्रूने आवळून धरण्याची युक्ती काढली. तिचे पेटंट त्याला १९७९ साली मिळाले. अगदी सुरुवातीच्या घोड्यांवर सूक्ष्म सूर लावण्याचे स्क्रू नव्हते. ते पुढे जोडले गेले. म्हणजे तंबोऱ्यावर मणी जे काम करतात, त्याचीच गरज तिथेही पडली. त्यामुळे जुन्या गिटारवर असे स्क्रू नसलेली आवळघोडी दिसली तर ती जपून ठेवण्यासारखी आहे. पुढे इतर कंपन्यांनी परवानगीने बनवलेल्या घोड्यांवर तसा इंग्रजी मजकूर कोरलेला असतो, त्यावरून त्या वेगळ्या ओळखता येतात.

तिची निगाही ओळखीची वाटेल. ही घोडी एका बाजूने तारांच्या आणि दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगांच्या ताणावर तोललेली असते. सगळ्या तारा एकदम काढल्या की तोल जातो. म्हणून इथेही तारा एकेक करून बदलाव्यात. दोन खांबांवर टेकणारी तिची धार झिजली की गिटार सुरात राहत नाही, तेव्हा तार चढलेली असताना ते खांब फिरवू नयेत. आवळण्याचे स्क्रू जीव खाऊन पिळू नयेत, त्यांचे आटे जातात. घाम पुसून ठेवावा, नाहीतर गंज धरतो. आणि सुटलेला प्रत्येक जुना भाग डबीत ठेवावा.

एक विनंती

इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणि मोबाइलवरचा तंबोरा आता सहज मिळतो. रियाजाला तो उपयोगी आहे, आम्हीही वापरतो. त्यामुळे घरचा तंबोरा अडगळ ठरू नये, एवढेच म्हणणे आहे. यंत्रातल्या तंबोऱ्याला गवई आपल्या कानाने जुळवू शकतो ते फार थोडे. खऱ्या तंबोऱ्यासमोर बसून चार तारा मिळवणे हेच मुलांसाठी स्वराचे पहिले शिक्षण असते.

घरी तंबोरा असेल तर या आठवड्यात गवसणी काढून एवढे करावे. घोडी जागेवर आहे का ते पाहावे, तिचा जवळून एक फोटो काढावा, दोरा बदलून पाहावा आणि चारही तारा एकदा छेडाव्यात. आवाज उघडला तर उत्तम. नाही उघडला तरी घोडीला हात न लावता मंडळात कळवावे. दोन-चार घरांचे तंबोरे एकत्र झाले तर मिरजेच्या कारागिराकडे पाठवण्याचा किंवा त्यांना इथे बोलावण्याचा खर्च वाटून घेता येतो.

आणि तंबोरा देऊन टाकायचाच असे ठरले असेल, तर भंगारात देण्याआधी आम्हाला एकदा विचारा. मंडळाच्या खोलीत जागा आहे, आणि तारा मिळवायला शिकू पाहणारी मुलेही आहेत.